सड्यावरची कणी

दुर्पतानं खुराड्याची फळी सरकवली. एकही कोंबडी बाहेर आली नाही.

आत हात घातला तर पंख गार लागले. खुराड्यातल्या साऱ्या मेल्या होत्या. घरात टोपलीत अंड्यांवर बसलेली तांबडी तेवढी वाचली होती.

नवरा बिसराम धावत आला आणि त्यानं कुंपणाकडे बोट दाखवलं. तिथे तांदळाची कणी पडली होती. तिला उंदराच्या औषधाचा उग्र वास येत होता.

कुंपणापलीकडे त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको फुलवंता राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. नवऱ्यामागे घर, परसातली बाडी आणि बाडीतली मोहाची दोन झाडं एवढंच तिचं होतं. दुर्पताच्या कोंबड्यांनी तिची वांग्याची रोपं उकरली, तेव्हा विहिरीवर साऱ्यांदेखत ती म्हणाली होती, पुन्हा आल्या तर एकही ठेवणार नाही.

केशोरीजवळच्या त्या गावात इंग्रजी अमलातही अशा गोष्टी ठाण्यापर्यंत जात नसत. बिसरामनं पंच गोळा केले. फुलवंताला आजच गावाबाहेर काढा, असा त्याचा हट्ट होता. माणसं तयारच होती. उदाराम पाटील तेवढे म्हणाले, आधी पाहू.

पाटलांनी वरवरची कणी उचलून तळहातावर घेतली. पांढरी, कोरडी. मग खुराड्यात वाकून पाहिलं. आतल्या कोपऱ्यातही तीच कणी होती, विष्ठेखाली दबलेली.

एवढ्यात मोहफुलांची टोपली घेऊन फुलवंता आली. अंगणातली गर्दी पाहून थबकली.

"कुठं गेली होती?" पाटलांनी विचारलं.

"मोह वेचाले. चांदणी होती तवाच निघाली. बाया होत्या संगं, त्याईले इचारा."

तिच्यामागून आलेल्या बायांनी होकारार्थी माना हलवल्या.

"जायच्या आधी फेकली असन," बिसराम म्हणाला. "नागीण हाय ते."

"तुह्याच घरात पोसली का रे नागीण?" फुलवंता म्हणाली.

पाटील दुर्पताकडे वळले. "सडा कवा टाकला?"

"उजाडल्यावर. बाया कवाच्या गेल्या होत्या."

"कुठवर?"

"कुंपणावरी. रोजच टाकतो."

"मग कोंबड्या सोडाले गेली?"

"नाही. आधी चूल पेटवली."

"अन काल सांजेले कोंडल्या कोनं?"

दुर्पतानं नवऱ्याकडे पाहिलं. एरवी तो कोंबड्यांना हातही लावत नसे. "यानं," ती हळू म्हणाली. "म्हणे, तू भात पाय, मी कोंडतो."

पाटलांनी तळहात पंचांपुढे धरला. "कुंपणापाशी जमीन शेणानं ओली हाय. या कणीले शेणाचा एक ठिपका नाही. सडा अंगावर पडला असता तं हे हिरवी झाली असती. म्हणजे कणी सड्यानंतर पडली. तवा फुलवंता जंगलात होती, अन कोंबड्या आत मरून होत्या. कुंपणाची कणी त्याईनं खाल्लीच नाही."

पाटलांनी खुराड्याकडे बोट केलं.

"आपण सांजेले मूठभर कणी टाकूनच कोंबड्या आत घेतो. कालची मूठ इखाची होती. तांबडी घरात होती, म्हणून वाचली. सकाळी दुर्पता चुलीपाशी बसली, तवा यानं उरलेली कणी कुंपणाशी फेकली. सडा टाकणारी बाई असं करणार नाही. यानं जन्मात सडा टाकला नाही, त्याच्या ध्यानात कुठून येईन?"

"मी काऊन मारू आपल्याच कोंबड्या?" बिसराम ओरडला.

"वयनी गावाबाहेर गेली तं बाडी कोनाची?"

पंचांनी नजरा बिसरामवर रोखल्या.

दुर्पतानं मेलेल्या कोंबड्या एकेक करून त्याच्या पायाशी टाकल्या.

"पुरून ये," ती म्हणाली. "अन आजपासून माह्या हातचं वाढलेलं खाशीन, तं आधी हुंगून पाय."

फुलवंता आपल्या बाडीत परतली होती. दुर्पता कुंपणाशी गेली. "बाई," तिनं थोरल्या जावेला हाक मारली.

फुलवंतानं टोपली खाली ठेवली, बोरीची काटेरी फांदी ओढून आणली आणि कुंपणातली कोंबड्यांची वाट बुजवून टाकली.