सगळे फॉर्म गुरुवारचे

कुवेतमधल्या जाब्रिया भागातल्या आमच्या क्लिनिकचं दार कोणीतरी उघडं टाकलं, धुळीचा वारा आत शिरला आणि माझ्या हातातले फॉर्म एक्स-रेच्या खोलीपर्यंत उडत गेले. माझं 'अरे देवा' आतल्या टेक्निशियनने ऐकलं असावं, कारण तो गठ्ठा घेऊन आला आणि थेट मराठीतच बोलला.

"'एक्स-रेसाठी किती वेळ थांबावं लागलं?' मॅडम, हा मी पण भरू का?"

"हा पेशंटसाठी आहे. इथल्या कर्मचाऱ्यांनी भरला की उत्तर एका बाजूला झुकतं."

"झुकू द्या की थोडं..." तो म्हणाला. मी उगाच फॉर्म मोजत बसले.

त्याचं नाव सुयोग, गाव परभणी. मी सुखदा, पुण्याची, काम आकडेवारीचं. पेशंट किती वेळ थांबतात ते विचारायचं, सरासरी काढायची आणि एक्स-रेला एक टेक्निशियन पुरेल की दोन लागतील, ते वरिष्ठांना सांगायचं. दुसरा टेक्निशियन सुयोगच होता. एक पुरेसा ठरला, तर त्याची बदली फहाहीलच्या नव्या शाखेत होणार होती.

त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची, गुरुवारची संध्याकाळ तेवढी पक्की. मग मीही गुरुवारी संध्याकाळीच फॉर्म वाटायला लागले. तो कोपऱ्यावरून करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा आणायचा, दोन कागदी कप. तिसऱ्या गुरुवारी माझ्या कपात साखर कमी होती.

"मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

"अर्धा कप सोडायलात ना दर वेळी... बघितलं मी."

"किती वेळा?"

"मोजलं नाही मॅडम. बघतच होतो."

त्यानंतर दोन पेशंटची वयं मी उलटसुलट लिहिली.

नऊ गुरुवार झाले. सरासरी आली सत्तेचाळीस मिनिटं. दोन टेक्निशियन हवेतच, असं मी खुशीत लिहिलं आणि अहवाल आमच्या वरिष्ठ बुशरा मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी गठ्ठा चाळला.

"सुखदा, ये सारे फॉर्म थर्सडे शाम के क्यूं हैं?"

शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळी अर्धं कुवेत डॉक्टरकडे येतं. गर्दीच्याच वेळी विचारलं तर सरासरी फुगणारच. नमुना निवडताना प्रत्येकाला सारखी संधी हवी, हे नव्या मुलांना मीच शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी मान खाली घालून गठ्ठा परत घेतला.

मग वार आणि वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि तीन आठवडे पुन्हा विचारलं. सरासरी एकोणीस मिनिटं आली. गुरुवारपुरता ओव्हरटाइम दिला की एक टेक्निशियन पुरेसा होता.

अहवाल देण्याआधी मी सुयोगला जिन्यात गाठलं आणि दोन्ही आकडे सांगितले.

"सत्तेचाळीसच ठेवलं तर?" त्याने विचारलं.

"तर तुम्ही इथेच राहाल." मी आकड्यांचा कागद दुमडला. "आणि ते खोटं आहे, हे मला रोज माहीत असेल."

तो कठड्यावर बोट फिरवत राहिला.

"एकोणीस लिहा. खोट्यावर राहिलो, तर तुम्ही माझ्याकडं सरळ बघणार नाहीत. मग राहून काय करू?"

मी एकोणीस लिहिलं. मग वॉशरूममध्ये जाऊन रडले, कारण तो मला हवा होता आणि मीच त्याला पाठवत होते.

बदलीचा कागद आठवड्यात आला. शेवटच्या संध्याकाळी तो पिशवी खांद्याला लावून माझ्या टेबलापाशी आला आणि हात पुढे केला.

"एक फॉर्म द्या. आता मी इथला कर्मचारी नाही."

नियमात बसत होतं. मी फॉर्म दिला. उभ्यानेच त्याने तो भरला, पालथा ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

किती वेळ थांबावं लागलं? — 'बारा आठवडे, अजून थांबायलो.'

सेवेबद्दल समाधानी आहात का? — 'नाही. मॅडम फक्त ड्यूटीवर भेटतात.'

सूचना — 'शुक्रवारी फहाहीलला समुद्रावर या. साखर कमीच सांगतो.'

तो फॉर्म मी गठ्ठ्यात घातला नाही, पर्समध्ये ठेवला.

शुक्रवारी मी फहाहीलला गेले. या वेळी चिठ्ठ्या टाकल्या नाहीत.