कॉलरच्या आत

कोळशाची इस्त्री तापली की कमळा तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून पाही. थेंब चुर्र करून उडाला की कपडा घ्यायचा. आलापल्लीच्या जंगल खात्याच्या क्वार्टरांमधले कपडे तिच्याकडे येत. नवरा गेल्यापासून, म्हणजे गेल्या मार्चपासून, ती आणि तिची दहावीतली पोरगी रुखमी या इस्त्रीवर जगत होत्या.

डागांच्या बाबतीत कमळा कुणाचं ऐकून घेत नसे. तेलाच्या डागावर इस्त्री फिरली की तो जन्माचा बसतो, आधी खडूची पूड चोळा, हे ती रेंजरसाहेबांच्या बायकोलाही दटावून सांगे. गुलाबाचं अत्तर छातीवर फासून येणाऱ्यांचा तर तिला संतापच. अत्तर म्हणजे शेवटी तेलच. ते लावायचं घडीच्या आत, शिवणीवर, बोटाच्या टोकाने, एकदाच. डाग दिसत नाही आणि अंगाच्या उबेने दिवसभर वास येतो. हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं आणि लग्नात एक कुपीही दिली होती.

तिच्या संतापाचं खरं कारण अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. तिचा नवरा नानाजी वनरक्षक होता. लाकूड डेपोतल्या सोमाजी कारकुनाच्या पोरीचं अहेरीला लग्न होतं, तिथे तो सायकलने गेला. मांडवाच्या दारात सोमाजी स्वतः पाहुण्यांना अत्तर लावत होता. परतताना भर दुपारी पुलाजवळच्या बेहड्याच्या झाडावरचं आग्या मोहोळ नानाजीवर उतरलं. अत्तराचा वास घेऊन मोहोळाखालून जाऊ नये हे जंगलात राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळतं. सोमाजीला कळलं नाही, म्हणून माझा माणूस गेला, असं कमळा म्हणे. वर्षभर तो दिसेल तिथे तिने त्याला शिव्या घातल्या. त्याने पाठवलेले तांदूळ दोनदा त्याच्याच दारात नेऊन ओतले.

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते, तेव्हा वास सुरू झाला.

रेंजरसाहेबांच्या चादरीवर इस्त्री टेकली आणि गुलाबाची ऊन वाफ तिच्या तोंडावर आली. चादर स्वच्छ होती, डाग कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या लेंग्याला तोच वास. मास्तर अंगाला साबणही जपून लावणारा माणूस.

त्याच दुपारी खिडकीतून एक माशी आली, काळी, लांबोडकी, आग्या मोहोळाची. इस्त्री केलेल्या घडीवर बसली. कमळाने फडकं झटकलं तरी उठली नाही. तिसऱ्या दिवशी चार आल्या, चौथ्या दिवशी प्रत्येक घडीवर एकेक. चावत नव्हत्या. आवाजही करत नव्हत्या.

"आई, वास कपड्याले नाई," रुखमी म्हणाली. "तुया हाताले येते."

"तोंड सांभाळ. अभ्यास कर," कमळा म्हणाली.

पाचव्या दिवशी ती रेंजरसाहेबांची चादर घेऊन तरातरा डेपोवर गेली. सोमाजी सागाच्या ओंडक्यांवर नंबर टाकत होता. तिने चादर त्याच्या अंगावर फेकली.

"एक जीव घेतला तेवढ्यानं पोट नाई भरलं का? आता माया गिऱ्हाइकायच्या कपड्याले अत्तर लावून राह्यला?"

सोमाजीने चादर उचलली, हुंगली आणि नीट घडी करून ओंडक्यावर ठेवली.

"वयनी, नानाजी आला तवा माही कुपी खाली झाली होती," तो म्हणाला. "त्याले मी अत्तर लावलंच नाई."

"खोटं बोलते तू."

"त्याच्या शर्टाले आधीच वास होता. मी इचारलं बी, कोन्तं अत्तर होय हे. तो हासला. म्हणे, घरूनच लावून देल्लं."

"मंग सालभर काऊन नाई बोलला?"

"काय बोलू? तुमी शिव्या देत होत्या. म्हटलं, देऊ द्या."

तिला त्याचा इतका राग आला की चादर तिथेच टाकून ती निघाली. शिव्या खाऊन गप्प बसणारा तो, वरून उपकार करणार. घरी येऊन तिने पेटी उघडली. नानाजीचा तो शर्ट तिने धुतला नव्हता, सोमाजीविरुद्धचा पुरावा म्हणून घडी करून ठेवला होता. ब्रह्मपुरीहून शिवून आणलेला, बदामी रंगाचा. वर्षात पहिल्यांदा तिने त्याची कॉलर उलटी केली.

आत, शिवणीवर, पिवळा डाग होता. बोटाच्या टोकाएवढा, एकच.

ती विसरली होती असं नाही. त्या सकाळी नानाजी दारात उभा होता, तिने त्याची कॉलर नीट केली होती आणि तो हसला होता. हे सगळं ती सोमाजीला शिव्या घालून वर्षभर झाकत आली होती. तिने आपलं बोट डागावर ठेवलं. बरोबर बसलं.

तिने शर्ट चुलीत घातला. कुपी दगडाने फोडली आणि काचा खड्ड्यात पुरल्या. राख लावून, मग सोडा लावून हात घासले, कातडी लाल होईपर्यंत. स्वतःच्या हाताचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रुखमीचा पहिला पेपर होता, केंद्र अहेरीला. पोरीपोरी मिळून सायकलींनी जाणार होत्या. पुलाजवळचं ते मोहोळ खात्याने तेव्हाच धुरी देऊन काढलं होतं. वर्षभर बेहडा रिकामा होता. रुखमीच्या पांढऱ्या शर्टावर कमळाने इस्त्री फिरवली तेव्हा वास आला नाही. तिने पुन्हा फिरवली, नाक लावून पाहिलं. काहीच नाही. आठवड्यात पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

"पेपर सुटला का थांबू नको," ती म्हणाली.

"दोन वाजता सुटते. येतो ना मी."

दारात कमळाने तिची कॉलर सारखी केली. रुखमी हसली आणि गेली.

दुपारी दोनचा भोंगा डेपोवर वाजला. कमळाने कपाळाचा घाम पुसला.

हाताला गुलाबाचा वास होता. अंगठ्याशेजारचं बोट टोकाशी तेलाने चकाकत होतं.

तिने घड्यांकडे पाहिलं, मग खिडकीतून अहेरीच्या रस्त्याकडे.

सकाळपासून घरात एकही माशी आली नव्हती.