निर्णयठसा

तपासणीकक्षात बाबांची गाडी उभी होती. पुढचा भाग पार चेपलेला, मागच्या काचेशी त्यांची उन्हाची टोपी मात्र तशीच. शाल्मलीने तिकडे बघायचं टाळलं.

"त्यातला ठसा पुसून टाका," ती नोंदणी अधिकारी रेहाना तडवींना म्हणाली. "ज्या कुणाचा असेल त्याचा. परत कुठल्या गाडीत जायला नको."

स्वयंचलित गाडीला नंबर मिळायचा तर विमा, पत्त्याचा पुरावा आणि निर्णयठसा लागे. रस्ता गाडीला कळे. पण अपघात अटळ झाला की कुणाला वाचवायचं, हे कळत नसे. म्हणून कायद्याने तिच्यात एका जिवंत माणसाचा विवेक उतरवावा लागे. डोक्याला पट्टा लावून त्या माणसाला प्रसंग दाखवत. त्याने दिलेला कौल गाडी कायम पाळी.

गेल्या आठवड्यात एक मुलगी सायकलवरून घसरून बाबांच्या गाडीपुढे पडली. गाडी वळली ती थेट पुलाच्या कठड्यावर. मुलीला खरचटलंही नाही. बाबा जागीच गेले.

"बाबा भित्रे होते हो. रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरायचे. त्यांनी गाडी कठड्यावर घातलीच नसती."

"ठसा त्यांचा नव्हताच, ताई. पंचाहत्तरीनंतर स्वतःचा चालत नाही. नातलगाचा, आधी नोंदलेला घ्यावा लागतो."

"मग कुणाचा घेतला?"

तडवींनी तिच्याकडे पाहिलं. "त्यांना जवळचं तुम्ही एकट्याच ना?"

शाल्मलीने टेबलाची कड घट्ट धरली. स्वतःच्या गाडीच्या वेळी तिनेही पट्टा बांधला होता. गाडीत म्हातारा, रस्त्यात पोर. पोराला वाचवायला तिने क्षणही घेतला नव्हता. म्हातारा म्हणजे तेव्हा नुसती एक आकृती होती.

"त्यांना... माहीत होतं?"

"मालकाला सगळे कौल दाखवावेच लागतात. मीच दाखवले. त्या प्रसंगाला थांबवलं त्यांना. म्हटलं, काका, यातले म्हातारे तुम्ही. लांबचं कुणी नातलग बघू या का?"

"मग?"

"हसले. म्हणाले, 'लहानपणापासून अशीच आहे ती. बरोबर आहे तिचं. द्या नंबर.'"

शाल्मलीने पहिल्यांदाच काचेशी असलेल्या टोपीकडे पाहिलं.

"पुसू का?" तडवींनी हळूच विचारलं. "पण तुमच्या गाडीतही हाच आहे. नवा द्यावा लागेल. तोच प्रसंग परत येईल."

शाल्मलीने डोळे मिटले. प्रसंग आपसूक समोर आला. या वेळी म्हाताऱ्याच्या डोक्यावर उन्हाची टोपी होती.

तरीही गाडी कठड्याकडेच वळली.