थांबा, नाव येतंय

तुमच्या गावात कुणी गेलं, तर तुम्हाला कोण सांगतं? बेलापुरात पुष्पावती सांगायची. अमृतशेठनं पिठाच्या गिरणीच्या माडीवर 'आपलं बेलापूर' चॅनेल काढलं, तेव्हापासून रोज दिवेलागणीला निधनवार्ता तीच वाचायची. चिठ्ठी हातात यायला उशीर झाला, की म्हणायची, "पुढची निधनवार्ता... थांबा, नाव येतंय." गाव हसायचं, पण थांबायचं.

मग चॅनेल नाशिकच्या नेटवर्कला जोडलं, नंतर पुण्याच्या, आता मुंबईच्या. दर खेपेला नाव नवं. चॅनेल कसलं, घरजावईच तो! ज्याच्या ताटात जेवायचं, त्याचं नाव लावायचं. मुंबईकरांना पुष्पावतीचं 'आमी-तुमी' गावंढळ वाटलं, आणि जिच्या आवाजावर माडी उभी राहिली, तिला शेठनं जिना दाखवला.

ती पाथर्डीला भाचीकडं गेली, तिथंच वारली. दहावा प्रवरेवर करा, एवढंच म्हणाली होती. तो उद्यावर आला होता. टीव्हीच्या पडद्यावर खाली सरकणारी बातम्यांची पट्टी लिहिणारी सविता दिवसभर शेठच्या मागं होती.

"एक ओळ जाऊ द्या, शेठ. गावाला ठावंच न्हाई. घाटावर भाची अन् मी, दोघीच."

"नेटवर्कला मढी चालत न्हाईत, सविता."

"अन् तुमाला?"

शेठ फिदीफिदी हसला. सविता मनातल्या मनात थुंकली.

दिवेलागणीला गावाची वीज गेली. माडीवर इन्व्हर्टर होता. टीव्हीवर मुंबईचं बातमीपत्र चालू होतं. एकाएकी निवेदिकेचे ओठ नुसतेच हलू लागले. गिरणी बंद, तरी ताज्या पिठाचा कोमट वास जिन्यानं वर आला. आणि कुणीतरी घसा खाकरला.

"ऐका... पुष्पावती मच्छिंद्र खंडागळे यांचं दुःखद निधन झालं हाय. दहावा उद्या सकाळी, प्रवरेच्या घाटावर."

शेठनं रिमोट दाबला. मग वायरच उपटली. पडदा काळा झाला.

"सविता... कोन हाय?"

"वळखलं न्हाई व्हय?" सविता म्हणाली.

काळ्या पडद्यातून कागद चाळल्याचा आवाज आला.

"पुढची निधनवार्ता..." जरा वेळ गेला. "थांबा, नाव येतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो म्हणत होता, काल टीव्हीवर ऐकलं. आणि काल गावात रात्रभर वीज नव्हती. अमृतशेठ तेवढा आला नाही. तो माडीवर, वायर उपटलेल्या टीव्हीला कान लावून बसला होता.