खिडकीचं माप

एकोणीसशे एकाहत्तरचा एप्रिल होता. सीताबर्डीवरच्या टॉकीजच्या मॅनेजरनं मला बोटानं जिना दाखवला आणि म्हणाला, "जाहिरातीची स्लाईड? खाली पेंटर बसते, त्याले विचारा."

जिन्याखाली एक खोली होती. खिडकी नाही, झरोका नाही... नुसता एक कंदील. त्या कंदिलाच्या धुरावर एक तरुण काचेचा तुकडा धरून बसला होता. गालावर काजळी, नाकावर काजळी. मला हसू आलं ते मी पदराआड लपवलं.

"हसून घ्या जी," तो मान वर न करता म्हणाला. "आरशाचा खर्च वाचला माझा."

"काय करून राहिले हे?"

"काच काळी करून राहिलो. आता सुईनं अक्षरं कोरतो. जेवढं खरवडलं, तेवढंच पडद्यावर पेटते." त्यानं एक रेघ ओढली आणि काच कंदिलासमोर धरली. भिंतीवर उजेडाची रेघ उमटली. मी बघतच राहिले. एवढ्याशा सुईतून एवढा उजेड!

त्याचं नाव बळीराम. माझं जया. आमचं काम वाळ्याच्या ताट्यांचं. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यात वाळा भरायचा, खिडकीला बांधून वर पाणी मारायचं, की नागपूरच्या उन्हाळ्यातही घरात गारवा. माझे बाबा नत्थूजी चाळीस वर्षं गल्लोगल्ली हिंडून ताट्या विकत आले होते. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, फिरणं बंद झालं आणि गिऱ्हाइकं आटली. बाबांनी सांगून टाकलं होतं, हा शेवटचा उन्हाळा. महिन्याभरात काम आलं नाही तर वाळा विकायचा आणि कुहीला मामाच्या शेतावर जायचं. मला कुहीला जायचं नव्हतं. ताटी विणायला माझ्याइतका हात कुणाचा बसत नव्हता, आणि तो हात मला धानाच्या बांधावर वाया घालवायचा नव्हता.

"काय लिहाचं मंग?" बळीरामनं विचारलं.

"वाळ्याच्या ताट्या, बनवणार जया मेश्राम. आणि खाली घराचा पत्ता."

त्याची सुई थांबली. "नाव, पत्ता दोन्ही नका टाकू. अंधारात बाईचं नाव दिसलं का पुढच्या रांगेतले पोट्टे..."

"मंग गिऱ्हाईक येईल कसं? आमच्या धंद्यात मानूस दारावर येते, दारातच सौदा होते."

"दारावर येनारा ओळखीचा राहते जी. इथं तर हजार लोक पाहतीन."

"तेच तर पाहिजे मले! लिहा तुम्ही."

त्यानं लिहिलं. सुंदर लिहिलं. निघताना हळूच म्हणाला, "एक सांगू? तुम्ही आल्यापासून खोली थंडी झाली. वाळ्याचा वास येते तुमच्या हाताले."  सीताबर्डीपासून घरापर्यंत माझे हात मलाच नवे वाटत होते.

शनिवारी आई-बाबांना घेऊन दुपारच्या खेळाला गेले. दिवे मालवले आणि... माझं नाव आलं. माणसापेक्षा उंच! त्या अंधारात अख्खं थिएटर माझं नाव वाचत होतं. आईनं माझा हात घट्ट धरला. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. 

आणि पुढच्या रांगेतून शिट्टी आली. मग दुसरी. मग कुणीतरी ओरडलं, "थंडगार जया!"

दुसऱ्या दिवसापासून दारावर रांग लागली, पण गिऱ्हाइकांची नाही. टवाळ पोरांची. "वाळावाली जया इथंच राहते काय?" ताटी कुणालाच नको होती. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला अंगणातून आत बोलावलं.

"बस झालं पोरी. मामाले पत्र टाक. आठ दिवसांत निघू."

मी रडत टॉकीजकडे गेले. वाटलं होतं, आता हा म्हणणार, सांगितलं होतं ना! बळीराम तसं काही म्हणाला नाही. स्टूल पुसून पुढं केलं, माठातलं पाणी दिलं.

"काढून टाकली ना जी मी स्लाईड. कालच. मॅनेजर ओरडला, ओरडू देल्लं."

मी पाणी प्यायले. त्या बिनखिडकीच्या भिंतीकडे बघता बघता मला सुचलं.

"बळीरामजी, टवाळ पोट्टा घरची खिडकी मोजीन काय?"

"काहून मोजीन?"

"आन ज्याले खरंच ताटी पाहिजे, तो?"

त्याचे डोळे चमकले. "तो मोजीन!"

"मंग लिहा. नत्थूजींच्या वाळ्याच्या ताट्या. खिडकीची लांबी-रुंदी पोस्टकार्डावर कळवा. ताटी घरपोच." इथं मी अडखळले. "पन पत्ता कोनाचा?"

"माझा टाका ना. बळीराम पेंटर, टॉकीजचा जिना. मले कोन शिट्टी मारते!"

रडता रडता मी हसले. तो मात्र हसला नाही. कोरत राहिला, एकेक अक्षर, जपून.

आठ दिवस. मामाला पत्र गेलं होतं, आईनं ट्रंक काढली होती. चौथ्या दिवशी बळीराम सायकलवरून आमच्या दारात आला, पहिल्यांदाच. "जय भीम नत्थूजी," म्हणाला आणि पिशवी ओट्यावर उलटी केली. पोस्टकार्डं! ओटा भरला.

मी वाचत गेले आणि अंगावर काटा येत गेला. न पाहिलेल्या माणसांनी आपापल्या घराच्या खिडक्या मला पाठवल्या होत्या. 'खिडकी पश्चिमेची, घरात बाळंतीण आहे.' 'चार बाय पाच, वडिलांना ऊन सोसत नाही.' 'मापात चूक असेल, बांगड्या ओवलेल्या दोऱ्यानं मोजलं आहे.' केवढं शहर, आणि केवढा विश्वास!

बाबा एकेक कार्ड हातात घेऊन पाहत होते. "चाळीस वर्षं फिरलो," ते म्हणाले, "एवढ्या खिडक्या होत्या काय गा नागपुरात?" मग कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवत, "जया वं, मामाले दुसरं पत्र टाक. या साली येत नाही म्हनावं."

मे महिनाभर आम्ही विणत होतो. आई वाळा झाडायची, मी चौकटी बांधायचे, बळीराम हातगाडी घेऊन पोचवायचा. त्याची काजळी माझ्या ताट्यांना लागायची, माझा वाळा त्याच्या सदऱ्याला.

महिन्याच्या शेवटी एक कार्ड आलं. अक्षर असं, की जणू सुईनं कोरलेलं. 'खिडकी एक. साडेतीन फूट बाय चार. पश्चिमेची. राहणारी माणसं: एक.'

मी ते घेऊन तडक जिन्याखाली गेले.

"हे कोनाचं?"

"गिऱ्हाइकाचं," तो कंदिलाची वात सारखी करत म्हणाला.

"अक्षर ओळखते मी. आन तुमच्या खोलीले तर खिडकीच नाही."

"इथं नाही जी. हुडकेश्वरले नवी खोली घेतली. पाच पाहिल्या... जिले खिडकी नव्हती, ती सोडून देल्ली." त्याचा आवाज बारीक झाला. "खिडकीशिवाय... तुम्हाले बोलवाचं तरी कसं?"

 भर दुपारी, त्या कोंदट खोलीत माझे हात गार पडले होते.

"लांबी-रुंदी ठीक आहे," मी कशीबशी म्हणाले. "खालचं चुकलं."

"काय चुकलं?"

मी त्याच्या पुढ्यातली काळी काच उचलली, सुई घेतली. माझं अक्षर वाकडंतिकडं आलं. कोरून झाल्यावर काच कंदिलासमोर धरली.

भिंतीवर उजेडाची अक्षरं उमटली. 'माणसं: दोन.'

बळीराम उठला आणि भिंतीपाशी गेला. त्या उजळलेल्या 'दोन'वर त्यानं हलकेच हात ठेवला. अक्षरं त्याच्या पंजावर आली, काजळीनं माखलेल्या बोटांवर, आणि तो तसाच उभा राहिला.

"काच खाली नको ठेवू जया," तो म्हणाला. "थोडा वेळ... राहू दे."