चाळीस जणांचं एक अक्षर

केझाया टटलनं मास्तरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तिच्याच कुंपणावर चढून बसले होते आणि खाली तिचा हंस मान ताणून उभा होता.

"पीस हवं होतं... डाव्या पंखाचं. लेखणी चांगली होते त्याची," मास्तर स्टोडर्ड म्हणाले.

"मग त्याला विचारलंत का आधी?"

"विचारलं. त्यानं पोटरीच धरली."

त्याच आठवड्यात मास्तरांनी गावात सुलेखनाची शाळा काढली. शिकवायची तऱ्हा न्यारीच. बोटं निळ्या फितीनं बांधून टाकायची आणि लिहिताना अख्खा हात फिरवायचा. केझायाची बोटं बांधताना मात्र मास्तरांना गाठ लवकर जमत नसे. हिवाळा सरून मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायचे दिवस आले तोवर गावातल्या चाळीस जणांचं अक्षर हुबेहूब मास्तरांसारखं झालं होतं.

आणि तिथंच घोटाळा झाला. एका शनिवारी सकाळी केझायाला दाराखाली चिठ्ठी सापडली. 'माझ्याशी लग्न कराल? होकार असेल तर उद्या चर्चला येताना टोपी हनुवटीखाली निळ्या फितीनं बांधा.' खाली सही नाही. अक्षरावरून कळेलच, असं त्या शहाण्याला वाटलं असावं.

चिठ्ठी मास्तरांचीच असावी, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. पण वर्गातल्या त्या डुकरंवाल्या जेबेझची निघाली तर? फीत बांधली की जन्मभर त्याची डुकरं राखायची.

ती तडक शाळेत गेली.

"मास्तर, हे अक्षर कुणाचं?"

मास्तरांचे कान लाल झाले. "चाळिसांतल्या... कुणाचंही असेल."

"मग तपासून तरी द्या."

मास्तरांच्या लाल शाईतून कुणी सुटत नसे. पाद्रीबाबांचं प्रवचनही सुटलं नव्हतं. त्यांनी लेखणी बुडवली, चिठ्ठी वरून खाली वाचली, पुन्हा वाचली. लेखणी काही कागदाला टेकेना.

"बरं आहे," ते पुटपुटले.

"जेबेझच्या पानावर परवा अठरा खुणा होत्या. इथं एकही नाही?"

"एक चूक आहे," मास्तर खाली बघत म्हणाले. "सही राहिली. तिथवर आलो आणि... हात थरथरायला लागला. अक्षर बिघडलं असतं."

केझायाला इतका आनंद झाला की हसू आवरेना. तिनं फळ्याजवळची निळी फीत उचलून त्यांच्या हातात दिली, टोपी घातली आणि हनुवटी वर केली.

"बांधा," ती म्हणाली. "आणि गाठ लवकर जमली नाही तरी चालेल."