गुलाबाआडचा भाऊ

दलिंदाचं ते पत्र मुन्सिफच्या टेबलाच्या खणात वर्षानुवर्षं पडून होतं, आणि त्यानं उत्तर कधीच दिलं नव्हतं. ‘दादा, माझ्या लग्नाच्या फिल्ममध्ये मी रडते, मग एक गुलाब दिसतो, आणि गुलाब जातो तेव्हा माझे डोळे कोरडे असतात. ते कुणी पुसले म्हणून मुलांना सांगू? माझ्या घरात दिसायचीही तुला लाज वाटली?’

आज तिची मुलगी उमैमा गाबेसहून त्याच्या स्फाक्सच्या लग्नाच्या फिल्मच्या दुकानात येऊन बसली होती. तिच्या मेंदीला आईच्या लग्नातले तुकडे पडद्यावर दाखवायचे होते.

“मामा, लग्न होतं की फुलांचं दुकान? पाहुण्यांपेक्षा गुलाबच जास्त! मूळ कॅसेट आहे ना?”

होती. बाकी कॅसेटांवर तो पुढची लग्नं भरत गेला. हिची मात्र मागची पट्टी त्यानं मोडून ठेवली होती, कुणाला पुसता येऊ नये म्हणून. पण जुनी कॅसेट संगणकात घ्यायची तर ती पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू द्यावी लागते, आणि तेवढं धैर्य त्याला कधी झालं नव्हतं...

“तू बाजारात जाऊन ये.”

“मी इथंच बसणार.”

कॅसेट फिरू लागली. दलिंदा रडत होती, आणि तिच्यासमोर अर्धा चेहरा जळालेला एक तरुण आपल्या बाहीनं तिचे डोळे टिपत होता. लहानपणी स्टोव्हचा भडका उडाला तेव्हा मुन्सिफनंच तिला छातीशी कवटाळून बाहेर काढलं होतं. तिला चटकाही बसला नव्हता.

लग्नानंतर तिची सासू याच खुर्चीवर येऊन बसली होती. “सून रोज ही फिल्म बघेल. पोटुशी बाई जे बघते ते बाळाच्या तोंडावर उमटतं. तुम्ही समजूतदार आहात, भाऊ.” तो समजूतदार होता. त्यानं स्वतःला वेचून वेचून कापलं आणि प्रत्येक जागी गुलाब ठेवला. त्याच्या खोकल्याचा आवाज तेवढा राहिला, कारण तो काढला की गाणं अडखळत होतं. तेव्हापासून कुठल्याही लग्नाच्या फिल्ममध्ये फूल दिसलं की त्याला त्याच्याआडून आपलाच खोकला ऐकू यायचा, जणू तिथं कुणी कोंडलेलं आहे...

“म्हणून फिल्ममधला गुलाब खोकतो होय,” उमैमा हळूच म्हणाली. “आई दर वेळी तिथंच आवाज वाढवते. मामा, कापायला आजीनं सांगितलं ना?”

“गेलेल्या माणसाला कशाला मध्ये आणतेस? मीच मला बरा दिसलो नाही.”

“आता दिसता?”

त्यानं संगणकावर जुनी फिल्म उघडली, पहिला गुलाब काढून टाकला आणि त्या जागी कॅसेटमधला स्वतःला बसवला. मग दुसरा. दुपार उलटेपर्यंत एकही उरला नाही.

“द्या, मी नेते,” ती म्हणाली.

“नको. तिचं पत्र पोस्टानं आलं होतं.”

त्यानं नव्या फिल्मच्या सीडीबरोबर पाकिटात कागद ठेवला: ‘दलू, लाज तुझी नव्हती. गुलाब मीच ठेवले होते, आज काढले. डोळे मी पुसले, हे मुलांना सांग. मेंदीला येतो, पुढे बसेन.’

पोस्टाच्या पेटीशी तो थोडा वेळ पाकीट धरून उभा राहिला. रस्त्यावरची माणसं त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्यानं मान वळवली नाही. पाकीट आत सोडलं.